फुलांचं बी घरात कसं रुजवायचं: पेटुनिया, ॲस्टर, झेंडू वगैरे

दरवर्षी गणपती आटपले की कोणी ना कोणी मला विचारतंच, पेटुनियाचं पाकीट मागवलं होतं, कुंडीत टाकलं, रोज पाणी घातलं, पंधरा दिवस झाले तरी काही उगवलं नाही, बी जुनं होतं का हो? बी बहुतेक वेळा चांगलंच असतं. पेटुनियाच्या १ ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया बसतात, म्हणजे एकेक बी खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, आणि ते उघड्यावरच्या कुंडीत टाकलं की पावसाच्या एका सरीत ते मातीखाली गाडलं जातं नाहीतर काठावरून वाहून जातं, उरलेलं मुंग्या नेतात. त्यामुळे असलं बारीक बी घरात, छपराखालीच रुजवायचं आणि रोप जरा बाळसं धरलं की मग बाहेर न्यायचं. काम अवघड अजिबात नाही पण दोन-तीन गोष्टी चुकल्या तर सगळाच्या सगळा डबा जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी एक सांगते. यूट्यूबवर बी घरात लावायचे जे व्हिडिओ दिसतात त्यातले बरेचसे थंड देशांतले असतात. तिकडे घरात पेरतात ते बाहेर गारठा असतो म्हणून. माझी मावसबहीण टोरंटोजवळ राहते, दसऱ्याच्या तोरणाला घरचा झेंडू हवा म्हणून ती एप्रिलमध्ये खिडकीत बी पेरते आणि मे महिन्याच्या लाँग वीकेंडनंतर रोपं अंगणात लावते, कारण त्याआधी एखादी रात्र अशी येते की रोपं सकाळी काळी पडलेली दिसतात. तिला डब्याखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर गरम होणारी चटई, लागते. आपल्याकडे पुण्या-मुंबईत सप्टेंबरमध्ये घरातच २४ ते २८ डिग्री असतं, बी रुजायला एवढं छान टेम्परेचर असताना हीट मॅटवर पैसे घालवू नका. आपण बी घरात घेतो ते पाऊस, ऑक्टोबरचं ऊन, कबुतरं आणि मुंग्या यांच्यापासून वाचवायला. हे एकदा डोक्यात बसलं की डबा कुठे ठेवायचा, झाकायचा किती, पाणी किती, हे सगळं त्यावरूनच ठरवता येतं.

कधी पेरायचं

पेटुनिया मी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरते. उगवायला ७ ते १० दिवस, मग पहिला महिना ते इतकं हळू वाढतं की वाटतं आता काही खरं नाही, आणि मग एकदम जोर धरतं. पेरल्यापासून फूल यायला अडीच ते तीन महिने धरा, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला फुलं आणि जानेवारीत कुंडी गच्च. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाऊन आल्यावर मग पेटुनियाचं बी घ्यायची इच्छा होते सगळ्यांना, पण तेव्हा उशीर झालेला असतो, मार्चच्या उन्हात ती रोपं दमून जातात. तारखेमागे अजून एक कारण म्हणजे हस्त नक्षत्र. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत तो हत्तीचा पाऊस कधी कधी असा कोसळतो की नाजूक रोप जमिनीला चिकटून बसतं, त्या दिवसांत आपली रोपं घरात सुरक्षित असली पाहिजेत आणि हत्ती गेला की बाहेर जायला तयार पाहिजेत.

ॲस्टरपण याच सुमाराला. डायॲन्थस, साल्विया हेही सप्टेंबरमध्ये चालतात. पॅन्सीची मात्र घाई करू नका, तिला २० डिग्रीच्या आसपास गारवा लागतो आणि २५ च्या वर गेलं की ती नीट उगवत नाही, म्हणून पुणे, नाशिक, सातारा इकडे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात रात्री गार व्हायला लागल्यावरच पेरा. मुंबई आणि कोकणातल्या लोकांना मी पॅन्सी सुचवतच नाही, तेवढ्याच कष्टात तिथे पेटुनिया आणि झेंडू जास्त समाधान देतात.

झेंडूचं गणित उलटं करायचं, म्हणजे दसऱ्यापासून मागे. मोठ्या फुलाचा आफ्रिकन झेंडू पेरल्यापासून ७५ ते ९० दिवसांत भरात येतो, बुटका फ्रेंच झेंडू ५० ते ६० दिवसांत. दसरा कधी सप्टेंबरच्या शेवटी येतो तर अधिक महिना असला की ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जातो, त्यामुळे "जुलैमध्ये पेरा" असं सरसकट सांगून उपयोग नाही, कॅलेंडर काढून दिवस मोजा आणि त्यात आठवडाभर जास्तीचा धरा कारण भर पावसाळ्यात ढगाळ हवेमुळे रोपं रेंगाळतात.

आणि काही फुलं अशी आहेत की त्यांच्यासाठी घरात डबे मांडायची गरजच नाही. कॉसमॉस, झिनिया, सूर्यफूल, तेरडा यांचं बी मोठं असतं, तीन-चार दिवसांत उगवतं आणि झिनियाला तर मुळं हलवलेली अजिबात आवडत नाहीत, सरळ कुंडीत पेरा, फारतर पहिले आठ दिवस कुंडी आडोशाला ठेवा. तेरडा गौरींना हवा असेल तर जूनच्या पहिल्या पावसात कुंडीत टाकला की झालं. गोकर्णाचं बी कडक कवचाचं, ते रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी पेरायचं. शेवंती बियांपासून करायच्या फंदात पडू नका, तिच्या काश्या नाहीतर छाट्या लावतात, बियांचं रोप कसलं निघेल याचा नेम नसतो.

डबा आणि भरण

डबा काहीही चालतो फक्त खाली भोकं पाहिजेत आणि उंची दोन-अडीच इंच पुरे. माझा सगळ्यात आवडता डबा म्हणजे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं प्लास्टिकचं पनेट. खाली आयती भोकं, वर झाकण, झाकणालाही भोकं, पारदर्शक, अजून काय हवं. हिवाळ्यात स्ट्रॉबेरी खाऊन झाली की धुऊन एकात एक घालून ठेवून द्यायची, सप्टेंबरला कामाला येतात. मिठाईचे पारदर्शक बॉक्स, दह्याचे डबे हेपण चालतात, गरम सुईने भोकं पाडा. अंड्यांचे कागदी ट्रे मला पटलेले नाहीत, ते कडेने भराभर सुकतात आणि तळाशी त्यांनाच बुरशी येते. रोपं जास्त करायची असतील तर शेतीच्या दुकानात ९८ किंवा १०४ कप्प्यांचे प्रोट्रे मिळतात, नर्सरीवाले तेच वापरतात, ट्रे नीट वापरला तर दोन-तीन सीझन टिकतो. झेंडू आणि ॲस्टरला प्रोट्रे उत्तम. पेटुनियाला मात्र आधी पनेट आणि मग प्रोट्रे असं मी करते.

बागेतली माती यात अजिबात घालायची नाही. माती जड होते, घट्ट बसते, आणि तिच्यात असलेल्या बुरशी पहिल्याच आठवड्यात रोपं खातात. कोकोपीट घ्या. विटेच्या रूपात येतं, कोमट पाण्यात टाकलं की फुगतं. पण फुगलं की लगेच वापरू नका, नारळाच्या सोडणात क्षार असतात, ते पाण्यात उतरतात, म्हणून दोन-तीनदा भरपूर पाण्यात भिजवून, जुन्या ओढणीत किंवा पंचात घालून घट्ट पिळायचं. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं, तिसऱ्या वेळेला बरंच फिकं होतं. हे जे करत नाहीत त्यांच्या रोपांच्या पानांच्या कडा करपलेल्या दिसतात आणि ते बिचारे अजून खत घालत बसतात.

धुतलेलं कोकोपीट दोन भाग, चाळलेलं गांडूळखत अर्धा ते एक भाग, आणि जमलं तर एक भाग परलाइट, म्हणजे ते पांढरे, हलके, सच्छिद्र खडे, नसेल तर धुतलेली जाडसर वाळू. बारीक बियांसाठी गांडूळखत कमीच ठेवा, त्यात ओल जास्त धरते आणि त्या छोट्या काळ्या चिलटांना ते फार आवडतं. ट्रायकोडर्मा पावडर मिळाली तर पाकिटावर लिहिलंय त्या प्रमाणात या मिश्रणात मिसळून एक-दोन दिवस झाकून ठेवा, ही चांगली बुरशी आहे, वाईट बुरशीला जागा देत नाही. फक्त मग त्याच डब्यात केमिकलचं बुरशीनाशक ओतू नका, दोन्ही एकत्र चालत नाही.

ओल किती? मिश्रण मुठीत घेऊन जोरात दाबायचं. गोळा झाला आणि बोटांमधून एखाद-दुसराच थेंब आला की बरोबर. पाणी गळायला लागलं तर परत पिळा.

पेरणी

पाकिटाच्या मागे टेस्टची तारीख, उगवण किती टक्के आणि व्हॅलिडिटी छापलेली असते, घेतानाच बघा, विशेषतः ॲस्टरचं. ॲस्टरच्या बियांची ताकद वर्षभरातच फार उतरते, स्वस्तात मिळतंय म्हणून दोन वर्षं पडून असलेलं पाकीट घेतलं तर नंतर तुम्हालाच वाईट वाटेल. जातींमध्ये ॲस्टरच्या फुले गणेश व्हाइट, फुले गणेश पिंक या राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती आपल्या हवेत चांगल्या येतात, बंगळुरूच्या संस्थेची कामिनीपण छान आहे. झेंडूत पुसा नारंगी आणि पुसा बसंती या दिल्लीच्या जाती, ज्यांचं बी पुढच्या वर्षी स्वतः धरता येतं. हायब्रिडचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत रंग आणि उंची सगळं फाकतं. तोरणातल्या वाळक्या झेंडूचं बीपण बरेच जण टाकतात, टाका, पण ती फुलं बहुतेक कोवळी तोडलेली असतात त्यामुळे आत दाणा भरलेला नसतो. काळंभोर, टणक बी चांगलं, चपटं आणि फिकट म्हणजे पोकळ.

बी गुलाबी-लाल रंगाचं असेल तर त्याला औषध लावलेलं आहे, मुलांच्या हातात देऊ नका आणि नंतर हात साबणाने धुवा.

शंका असेल तर दहा बिया ओल्या टिश्यूपेपरमध्ये घालून बंद डब्यात ठेवा. दहातल्या सात आल्या तर पाकीट चांगलं, तीन आल्या तर तिप्पट दाट पेरायचं नाहीतर दुसरं आणायचं.

आता पेटुनिया. डबा काठाच्या बोटभर खालपर्यंत भरायचा, हलकेच थोपटून पृष्ठभाग सपाट करायचा, डबा पाण्याच्या परातीत ठेवून खालून पूर्ण भिजू द्यायचा आणि मग बाहेर काढून निथळल्यावर पेरायचं. पेरायच्या आधी पाणी, नंतर नाही, हे फार महत्त्वाचं आहे. सुटं बी असेल तर चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून चिमटीने भुरभुरायचं, पिठी साखर भुरभुरतो तसं. हल्ली बऱ्याच कंपन्यांची पेटुनिया गोळीच्या रूपात येते, म्हणजे प्रत्येक बीला मातीचं आवरण असतं, ती ओल्या टूथपिकच्या टोकाने उचलून एक-एक ठेवायची आणि वरून एकदा बारीक फवारा मारायचा म्हणजे आवरण विरघळतं, ते कोरडं राहिलं तर आतलं बी बाहेर येऊच शकत नाही. आणि वरून काहीही पसरायचं नाही! पेटुनियाला रुजायला उजेड लागतो. अर्धा सेंटिमीटर माती वर टाकलीत की संपलं. पंधरा दिवस काही आलं नाही म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हेच केलेलं असतं.

ॲस्टरवर पातळ थर, जेमतेम बी दिसेनासं होईल इतका, चहाच्या गाळणीतून कोकोपीट चाळलं की बरोबर पडतो. झेंडूचं बी आडवं ठेवून अर्धा सेंटिमीटर झाकायचं, चार ते सहा दिवसांत येतं, कोणी पहिल्यांदाच करत असेल तर झेंडूनेच सुरुवात करा. पॅन्सी आणि सदाफुली या दोघींना उलट अंधार लागतो, नीट झाकायचं आणि वर वर्तमानपत्र ठेवायचं, फक्त रोज उचलून बघायचं.

डब्यावर नाव आणि तारीख लिहा. बोटभर उंचीची रोपं बघून डायॲन्थस कुठला आणि ॲस्टर कुठला हे कळत नाही.

झाकण, उजेड, पाणी

पेरल्यावर झाकण लावायचं नाहीतर वर प्लास्टिकची पिशवी ताणायची. डबा उजेडात ठेवा पण उन्हात नाही, झाकण असलेला डबा सकाळच्या अर्ध्या तासाच्या उन्हातसुद्धा आतून भट्टी होतो. दिवसातून दोनदा झाकण उघडून पुसायचं, पाच मिनिटं वारा लागू द्यायचा.

आणि डबे जमिनीवर किंवा कट्ट्यावर नुसते ठेवू नका, मुंग्या येतात. आमच्या आजीकडे दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या ना, तसंच करायचं, एका ताटात पाणी, त्यात पालथी वाटी, वाटीवर डबा. मुंग्या झेंडूच्या बिया तोंडात धरून रांगेने नेताना मी स्वतः बघितल्यात, सकाळी पेरलेलं संध्याकाळपर्यंत साफ.

पहिला हिरवा ठिपका दिसला की झाकण काढायचं. सगळं उगवायची वाट बघायची नाही, फारतर अर्धं उगवेपर्यंत थांबा. आणि त्याच दिवसापासून उजेड जास्तीत जास्त द्यायचा. आपल्या डोळ्यांना खोलीत लख्ख उजेड वाटतो पण रोपाला तो अंधारच असतो, मग ते उजेड शोधायला ताणत जातं, पांढरट, दोऱ्यासारखं, आणि शेवटी आडवं पडतं. एकदा ताणलेलं रोप परत बुटकं होत नाही. खिडकीच्या अगदी कडेला, काचेला लागून ठेवा, आणि पूर्वेची खिडकी असेल तर तुम्ही भाग्यवान. पश्चिमेची चालते पण ऑक्टोबरमध्ये दुपारी तीननंतर पातळ पांढरा पडदा ओढा. दिशांचं अजून एक, सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिणेकडे सरकतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन दर आठवड्याला आत आत येतं आणि उत्तरेच्या गॅलरीत जून-जुलैत जे ऊन मिळायचं ते बंद होतं. झेंडू पावसाळ्यात उत्तरेकडे छान आला म्हणून पेटुनियाही तिथेच ठेवली आणि बिघडली असं होतं ते यामुळे.

खिडकी चांगली नसेल तर साधी २० वॉटची एलईडी ट्यूब, पांढरी, ६५०० के लिहिलेली, रॅकच्या फळीखाली बांधा. महागडे जांभळे दिवे नकोत. ट्यूब रोपांच्या चार-पाच बोटं वर पाहिजे, छतावरची ट्यूब मोजू नका, ती फार लांब पडते. रोज १४ ते १६ तास चालू, रात्री बंद. २० वॉट पंधरा तास म्हणजे दिवसाला ०.३ युनिट, महिन्याला ९ युनिट, तेवढं परवडतं. रोपं वाढली की डब्याखालचे ठोकळे काढत जायचं, म्हणजे अंतर तेवढंच राहतं.

पाणी वरून घालायचं नाही. परातीत बोटभर पाणी, त्यात डबा १५-२० मिनिटं, वरचा थर गडद दिसला की काढायचा. परत कधी? डबा हातात उचलून बघा, हलका लागला की. रोजच्या रोज वेळ ठरवून पाणी देणारे लोक रोपं मारतात, वाईट वाटून घेऊ नका पण खरं आहे. बोअरचं पाणी जड असेल तर पेटुनियाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, अशा वेळी पावसाचं साठवलेलं पाणी द्या.

रोपं कोलमडतात तेव्हा

याबद्दल जरा थांबून सांगते कारण सगळ्यात जास्त मन इथेच मोडतं. काही वर्षांपूर्वी माझी ॲस्टरची ऐंशीएक रोपं दोन दिवसांत गेली. संध्याकाळी सगळी टवटवीत, सकाळी एका कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेतली सात-आठ रोपं आडवी, पानं अजून हिरवीच, पण मातीला टेकते तिथली काडी दोऱ्यासारखी बारीक आणि पाणचट झालेली. दुसऱ्या दिवशी अर्धा डबा. ही मर. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशी ओल्या, कोंदट हवेत वाढतात आणि कोवळ्या काडीलाच धरतात. मी काय केलं होतं? दाट पेरलं होतं, तीन दिवस ढगाळ होतं म्हणून झाकण काढलंच नव्हतं आणि तरी रोज स्प्रे मारत होते. एकेक गोष्ट वेगळी चालली असती, तिन्ही एकत्र आल्यावर डबा गेला.

पडलेलं रोप वाचत नाही. पण बाकीची वाचवता येतात, लगेच, त्याच तासाला. पडलेली रोपं आणि त्यांच्या भोवतीचं दोन बोटं कोकोपीट चमच्याने उचलून कचऱ्यात टाकायचं, कुंडीत नाही. डबा वाऱ्याला ठेवायचा, टेबलफॅन सगळ्यात हळू, दूरवरून, पानं जेमतेम हलतील इतका. वरचा थर कोरडा होईपर्यंत पाणी बंद. मी आता पंखा पहिल्या दिवसापासूनच लावते, दिवसातून दोन-तीन तास, त्याने काडीही जाड होते आणि ही मर जवळजवळ दिसेनाशी झालीय. डबे परत वापरताना साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, गेल्या वर्षीचं कोकोपीट बी पेरायला वापरू नका, ते मोठ्या कुंड्यांत घाला.

डब्याभोवती काळी चिलटं उडताना दिसली तर समजा वरचा थर सतत ओला राहतोय. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. पिवळा चिकट कागद उभा करा आणि पाणी कमी करा.

उचलून लावणं आणि बाहेर नेणं

आधी दोन गोलसर पानं येतात ती खरी नव्हेत, त्यानंतर येतात ती खरी. खरी पानं दोन ते चार झाली की एकेकाला वेगळं करायचं. पेटुनियाला हे व्हायला चार-पाच आठवडे लागतात, झेंडूला तीन. आइस्क्रीमच्या काडीने खालून उचकटायचं, आणि धरायचं ते पानाला, रोपाच्या काडीला कधीच नाही. पान फाटलं तर नवीन येतं, काडी चेपली तर रोप गेलं. झेंडूचं रोप थोडं लांबलं असेल तर काडी अर्ध्यापर्यंत खोल लावा, त्याला तिथूनही मुळं फुटतात. पेटुनियाला मात्र होती तेवढ्याच खोलीवर लावते मी, पानांचा गुच्छ मातीला टेकला तर कुजतो. हे काम संध्याकाळी करा आणि दोन दिवस सावलीत ठेवा.

खत याच्या आधी नको. नव्या जागी आठवडा झाला की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत एका लिटरला १ ग्रॅम, त्यापेक्षा जास्त नाही, आठवड्यातून एकदा. कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न काहीच नसतं म्हणून हे लागतंच, आणि सेंद्रियच करायचं असेल तर गांडूळखताचं गाळलेलं पातळ पाणी द्या.

बाहेर एकदम न्यायचं नाही. घरातल्या रोपाचं पान पातळ असतं, ऑक्टोबरचं दुपारचं ऊन एका दिवसात पांढरे डाग पाडतं. पहिले दोन दिवस सकाळी सात ते साडेआठ, मग साडेनऊपर्यंत, असं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण ऊन. कबुतरांची जाळी नसेल तर वर फळांची जाळीदार टोपली पालथी घाला, चिमण्यासुद्धा झेंडूची कोवळी पानं टोचतात. मग आठ इंची कुंडीत पेटुनियाची एक-दोन रोपं, झेंडूचं एक. इथे माती, शेणखत, कोकोपीट नेहमीचं.

कुंडीत रुळल्यावर, चार इंच वाढ झाली की पेटुनियाचा शेंडा खुडायचा. जीव होत नाही कोणाचाच, आलेली पहिली कळीपण त्यात जाते, पण खालून चार-पाच फांद्या फुटतात आणि जानेवारीत कुंडी काठाबाहेर सांडते ती याच्यामुळेच. आफ्रिकन झेंडूलाही लावल्यावर तीन-चार आठवड्यांनी असंच करायचं, फक्त दसरा जवळ आला असेल तर राहू दे, खुडल्यावर फूल आठ-दहा दिवस पुढे जातं.

रोपं नेहमी जास्तच होतात. ओल्या वर्तमानपत्रात मुळं गुंडाळून शेजारी, ऑफिसात, सोसायटीच्या वॉचमनकाकांना देऊन टाका, दोन दिवस सहज टिकतात. उरलेलं बी त्याच पाकिटात घडी घालून, घट्ट झाकणाच्या बरणीत, सोबत औषधांच्या डबीतली ती सिलिका जेलची पुडी, आणि बरणी फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात. झेंडू असा दोन-तीन वर्षं टिकतो, ॲस्टर पुढच्याच सीझनला संपवा, गोळीवाली पेटुनियापण. आणि बरणी फ्रीजमधून काढली की लगेच उघडू नका, तासभर तशीच बाहेर राहू द्या, नाहीतर दमट हवेचं पाणी थेट बियांवर धरतं.